तुकड्यांची तुळई आणि जव्हारची वाट

जव्हारला मी शहाणपण शिकवायला निघालो होतो. नाशिकच्या वाचनालयात एका मासिकात वाचलं होतं, की जर्मनीत लाकडाचे आखूड तुकडे सरसाने जोडून लांबलचक तुळया करतात. तेवढ्यात ताईचा निरोप आला. तिकडे भाऊजी शाळामास्तर. त्यांच्या शाळेचं छप्पर तुळईवाचून अडलं होतं. लांब साग ठेकेदारांनी नेला, उरले ते तुकडे. पावसाळ्याआधी छप्पर झालं नाही तर शाळा बंद. कागदावर नकाशे काढून पोट भरणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? मी रजा टाकली.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. इगतपुरीपर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी. खोडाळ्याच्या बाजाराचा दिवस साधलात तर परतणारी गाडी स्वस्तात मिळते. गाडीत पेंढा भरपूर घाला. धोतराला कुसं चिकटतील म्हणून मी तो काढायला लावला आणि मोखाड्यापुढे मला बसवेना. पोशेऱ्याला एका घरी नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी मिळाली. घरधनीण म्हणाली, "पावना उभाच जेवतो का?" आमच्याकडे तशी पद्धत आहे, असं मी सांगितलं.

जव्हारला पोचल्यावर शाळेचं काम करणाऱ्या धाकलू सुताराला मी जर्मनी समजावून सांगितली. तो म्हणाला, "नाय भाऊ. चिकटवलेल्या लाकडावर छप्पर राहत नाय. मी खिळे मारून करतो."

मी खिळ्यांना हसलो आणि ताईकडे दूध मागितलं. आंबवलेल्या दुधाचा चोथा धुऊन चुन्यात घोटला की चिवट सरस होतो.

"पोरांना दूध पुरत नाही आणि तू ते लाकडाला पाजतोस," ताई म्हणाली. पण दिलं.

सगळ्या फळ्या मी अगदी एका मापाच्या कापवल्या, कारण मला नेटकेपणा आवडतो. टोकाला टोक भिडवून थरावर थर रचले, सरस लावला, दोर आवळून पाचरी ठोकल्या. सरस वाळल्यावर तुळई दोन धोंड्यांवर टेकवली आणि जमलेल्या गावासमोर मी स्वतः मधोमध बसलो. तुळई मोडली. मी खाली, पगडी कुंपणापाशी. धाकलूने हात दिला. तो हसला असता तर बरं वाटलं असतं.

त्याची खिळ्यांची तुळईही वजनाने पोटात वाकली. पाड्यापाड्यांवर फिरून, पोरं पाठवा म्हणून भाऊजींनी लोकांचे पाय धरले होते.

मी मोडलेले तुकडे उचलून पाहू लागलो. फळीला फळी जिथे चिकटली होती तिथला सरस सुटलाच नव्हता. फळीचं टोक टोकाला जिथे भिडवलं होतं, तिथेच सगळं उघडलं होतं. आणि माझ्या नेटकेपणामुळे ते सगळे सांधे एका रेषेत आले होते. धाकलूने बोट फिरवून पाहिलं.

"तोंड तोंडाला धरत नाय," तो म्हणाला. "तिरपं कापलं तर?"

"आणि सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही," मी म्हटलं.

पुन्हा दूध मागायला मात्र भाऊजींना पाठवलं. या वेळी टोकांना लांब तिरपे काप धाकलूने दिले, सांधे मी मागेपुढे बसवले. नव्या तुळईवर भाताची पोती ठेवली, मग माणसं बसली. ती हलली नाही.

तुळई चढली, कौलं घातली. मी तोंड भरून बोलत होतो, तेव्हा भाऊजी म्हणाले, "वर बसून दाखवलंस. आता खाली बस. पोरं खाली बसणार आहेत."

मी तुळईखाली जाऊन मांडी घातली. वर बघायचं नाही असं ठरवलं आणि सारखा वरच बघत राहिलो. थोड्या वेळाने भाऊजी आले आणि माझ्याशेजारी बसले.

नाशिकला परतल्यावर लोकांनी विचारलं, राजवाडा पाहिलास? शिरपामाळ? काहीच पाहिलं नव्हतं. तुम्ही जाल तेव्हा पाहा आणि मलाही सांगा. माझ्याजवळ उरला तो नखांतला चुना आणि वारा सुटला की वर बघायची खोड.

पावसाळ्यानंतर भाऊजी आले. शाळेचं विचारायचा मला धीर होईना.

"कोरडी आहे," ते आपणहूनच म्हणाले. "धाकलूनेही सरसाची एक तुळई केली, स्वतःच्या घराला. नातवाचा पाळणा तिलाच टांगलाय."