तुळसक्काची फरशी

फोटोसाठी आलेली बाई एक्स-रेच्या टेबलावरून उतरायच्या आत तुळसक्का तिच्या पायांखाली जुन्या धोतराची घडी टाकायची. तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. आम्ही डॉक्टर तेवढा वेळ सभ्यपणे भिंतीकडे पाहत असायचो. सभ्यपणा आम्हाला चांगला जमायचा.

ही साठ सालाच्या आसपासची, बंगळूरच्या एका बाळंतपणाच्या इस्पितळातली गोष्ट. तुळसक्का तिथली आया. माझ्यासारखीच बसवनगुडीच्या जुन्या मराठी घरातली, त्यामुळे साऱ्या इस्पितळाचा ‘डॉक्टर’ असलेला मी तिचा नुसता ‘अण्णा’ होतो. विलायतेला जाऊन आलेल्या माणसाला हे फार खुपायचं.

अवघड बाळंतपणानंतर काही बायकांना लघवी आवरेनाशी होई, अंग खाली उतरल्यासारखं वाटे. अशा बाईच्या मूत्राशयात फोटोत उमटणारं औषध भरायचं, तिला टेबलावर निजवायचं आणि फोटो काढायचा. फोटोत मूत्राशय शहाण्यासारखं जागच्या जागी असे. मग मी लिहायचो, ‘दोष नाही.’ माझं अक्षर फार सुंदर होतं.

एकदा आनेकलहून गिरिजम्मा आली. मुलगा वर्षाचा. पाण्याची घागर उचलली की तिचं लुगडं भिजायचं. सासूच्या मते ते कामचुकार सुनेचं सोंग होतं. नवऱ्याने निवाडा माझ्यावर सोपवलेला. आजार निघाला तर उपचार, नाही तर हिला एकटीला माहेरी धाडायचं.

मी लिहायला बसलो तशी तुळसक्का फडकं पिळत म्हणाली, “अण्णा, स्वल्प ऐका. इतकी वर्षं मी ही खोली पुसते. टेबल कधी पुसावं लागलं नाही. फरशीच पुसते.”

“मग?”

“मग उभी करून काढा की फोटो. आणि खोकू द्या तिला.”

रेडिओलॉजीची परीक्षा तू कधी दिलीस, असं मी विचारलं. टेक्निशियन हसला, मीही हसलो. हसून झाल्यावर लिहिलं, ‘दोष नाही.’ सासूने तो कागद प्रसादासारखा डोळ्यांना लावला. गिरिजम्मा माहेरी गेली. मुलगा सासरी राहिला.

महिन्याभराने मी कॉफीला गेलेला पाहून तुळसक्काने टेक्निशियनला पटवलं आणि दुसऱ्या एका बाईला उभं करून खोकायला लावलं. फिल्म वाया घालवली म्हणून मी दोघांना यथेच्छ झापलं. मग फिल्म उजेडाकडे धरली. मूत्राशय ओटीपोटाच्या हाडाच्या पार खाली उतरलं होतं. परदेशात असे उभ्याने फोटो काढू लागल्याचं ज्यात छापलं होतं, ते मासिक माझ्याच कपाटात वेष्टनासकट पडलेलं होतं, हे पुढे कळलं.

नंतर एका परिषदेत मी ‘माझी पद्धत’ मांडली. टाळ्या पडल्या. आभार मानताना मी यंत्र विकणाऱ्यालाही विसरलो नाही. तुळसक्काचं नाव तेवढं घेतलं नाही. तिला टेक्निशियनकडून कळलं तेव्हा ती म्हणाली, “सरी, असू दे. बायका उभ्या राहिल्या ना?” आणि माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. “गिरिजम्माचा तेवढा कागद बदलून द्या अण्णा. पोर तरी मिळेल तिला.”

कागद बदलायचा म्हणजे आधीचा चुकला, असं लिहावं लागणार. माझी बढती जवळ आली होती. मी ‘बघू’ म्हणालो. त्यानंतर दर संक्रांतीला ती माझ्या टेबलावर तीळगूळ ठेवी. गोड बोला, असं कधी म्हणत नसे. “गिरिजम्माचा कागद,” एवढंच. आणि मी दर संक्रांतीला तीळगूळ खाऊन ‘बघू’ म्हणे.

निवृत्त झाल्यावर ती बनशंकरीला लेकीकडे गेली आणि तिथेच वारली. मी मोठा हार घेऊन गेलो. तेही मला चांगलं जमतं.

तो कागद आज लिहितोय. त्याने कुणाचं पोर परत येणार नाही. तो मुलगाच आता बाप झाला असेल.

‘गिरिजम्मा, आनेकल. फोटो निजवून काढला होता. त्यावरून दोष नाही असं म्हणता येत नव्हतं. बाई खरं सांगत होती. आया तुळसक्का हिने हे त्याच दिवशी सांगितलं होतं.’

खाली सही केली आहे. अक्षर पूर्वीसारखं राहिलेलं नाही.