जुन्याला हात लावायचा नाही

छापखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणारा हा माणूस तिथे पगारापुरता असायचा. जीव सगळा दुसरीकडे. काही हौशी प्रोग्रामरांनी मिळून एक ऑपरेटिंग सिस्टीम रचली होती, कुणाच्या बापाची नाही अशी, आणि हा त्यात पहिल्यापासून. कुठेही बिघडलं की हा ठिगळ लावून मोकळा, म्हणून टोळीत नाव पडलं ठिगळ्या. घरी बायको नाही, पोर नाही. एक थोरली बहीण. ताईची नजर गेली तेव्हा त्याने सिस्टीमला बोलायला शिकवलं. ती दिवसभर मशीनपुढे बसून पुस्तकं ऐकायची.

फक्त आवाज तुटायचा, मधलेच शब्द गिळायचा. दोष बुडाशी होता. मायक्रोकर्नल, टोळीच्या बोलण्यात नुसता कर्नल, म्हणजे सिस्टीमच्या तळाशी बसलेला छोटासा प्रोग्राम. वरच्या भागांचे निरोप एकमेकांना पोचवायचे, हे त्याचं काम. यांचा मायक्रोकर्नल जुना, उसना आणि महाआळशी. तरी मनावर घेतलं असतं तर आठवड्याभरात आवाजापुरतं ठिगळ लागलं असतं. पण टोळीच्या म्होरक्याने फर्मान काढलं: आपण नव्या कर्नलवर जातोय, जुन्याला हात लावायचा नाही. आणि ठिगळ्याने, शहाण्याने, सगळ्यांच्या आधी मान डोलावली.

"ताई, थोडी कळ काढ," तो म्हणाला. "नव्यावर गेलो की होईल नीट."

पहिला नवा कर्नल काय पळायचा! पण जुना कर्नल निरोप स्वतःकडे ठेवून घ्यायचा. हा म्हणे, घेणारा हजर असेल तरच देईन, तोवर देणाऱ्याने उभं राहायचं. झालं. डिस्कचा भाग मेमरीच्या भागासाठी खोळंबला, मेमरीचा डिस्कसाठी, आणि सिस्टीम ढिम्म. वर्षानुवर्षं डोकेफोड करून गुंता सुटत आला, तेवढ्यात म्होरक्याचं मन दुसऱ्या कर्नलवर बसलं. तो म्हणे जास्त सुरक्षित. आधीचं सगळं केरात. दुसऱ्याचा कर्ता चांगली नोकरी पकडून अर्ध्यातच चालता झाला. मग म्होरक्या म्हणाला, मीच लिहितो. लिहिला की, स्क्रीनवर एक ओळ उमटेपर्यंत! पुढे त्याला मुलगी झाली आणि वेळ मिळेना.

या सगळ्यात ताईने आवाजाचं बटण हळूहळू शेवटपर्यंत नेलं. शेजारीण म्हणाली, बाजारात बोलणारी मशिनं तयार मिळतात, आणू का? ठिगळ्याला मिरच्या झोंबल्या. या घरात बाहेरची सिस्टीम येणार नाही, म्हणाला. ताईसुद्धा त्याचीच बाजू घ्यायची, माझा भाऊ करतोय म्हणून शेजारणीला ठणकावून सांगायची. शब्द हुकला की म्हणायची, आज फारच तुटतंय. तो म्हणायचा, जुना कर्नल, दुसरं काय.

शेवटी एका सकाळी म्होरक्याचा मेल आला: प्रयोग पुरे, जुन्याच कर्नलवर राहू, तोच सुधारू. वर ना माफी, ना काही. इतकी वर्षं पाण्यात गेली आणि हा गृहस्थ दोन ओळींत मोकळा! ठिगळ्याने मनातल्या मनात त्याचा उद्धार केला, ऑफिसात रजा टाकली आणि जुना कर्नल उघडून बसला.

आठवडासुद्धा लागला नाही. आवाज असा स्वच्छ आला की त्याचे डोळे भरले. ताईला हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवलं, पुस्तक लावलं. ती मान कलती करून ऐकत राहिली. भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, केवढ्याने लावलंय, शब्द न् शब्द इकडे कळतोय.

"अजून तुटतंय रे," ताई म्हणाली.

त्याने तिच्या पाठीमागे उभं राहून, साध्या आवाजात, हाक मारली. ती वळली नाही. पुन्हा मारली. तेव्हा त्याला उमगलं की गेली कित्येक वर्षं तो तिच्याशी ओरडूनच बोलत आला होता. कान कधी गेले, दोघांनाही कळलं नाही. सगळं खापर कर्नलवर फोडून दोघं निवांत बसले होते. डॉक्टरकडे जायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

ताईने चाचपत त्याचा हात शोधला आणि थोपटला.

"असू दे," ती म्हणाली. "नव्यावर गेलात की होईल नीट."