मायचं शुद्ध बोलणं

अनसिंगच्या स्टँडवर एस.टी. सुटताना मायनं खिडकीच्या गजांतून हात घालून माझी बाही ओढली. "लेका, उपाशी राहू नोको. तिथं तुले कोन ईचारन?" एकाहत्तर साल असावं. मी नाटकात काम करायला पुण्याला निघालो होतो आणि आजूबाजूचे ऐकतायत म्हणून मला तिची लाज वाटत होती. खोटं कशाला बोलू?

तुम्ही गावातले मागे राहिलात, तुम्हाला वाटायचं मी तिकडे मजेत आहे. पुण्यात मला रिहर्सलला बसू द्यायचे, पण भूमिका देत नसत. 'पाणी'ला 'पानी' म्हणणारा नट कोणाला हवा होता? वर्षभर मेसच्या खोलीत आरशासमोर न आणि ण घोटले. तरी काम मिळेना, तेव्हा एकट्यानं उभं राहायचं ठरवलं. स्वतःच लिहिलं. एक खुर्ची, एक शाल. शाल डोक्यावरून घेतली की मी माय व्हायचो आणि स्टँडवरचं ते वाक्य जसंच्या तसं म्हणायचो. हॉल हसून लोटपोट व्हायचा. त्या हसण्यावर माझं पोट भरू लागलं, नाव झालं. माझ्यासारखे जे गाव सोडून गेले, त्यांनीही असं काहीतरी केलंच असेल.

चार वर्षांनी आमच्याकडे वाशीमला प्रयोग लागला. मायला पहिल्या रांगेत बसवलं. वाटलं होतं, इथे आपली माणसं, इथे कोणी हसणार नाही. पण वकील, मास्तर, कचेरीतले बाबू पुण्यापेक्षा जास्त हसले. मायही तोंडाला पदर लावून हसत होती. मी खूश!

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी तिनं ताट पुढे केलं. "दोण घास जेवूण घे. मग जा."

मला वाटलं, माझी फिरकी घेतेय. मी खो खो हसलो. ती हसली नाही.

"माय, असं काहून बोलून राह्यली?"

"लोकांत तुझी माण खाली जायला नको," ती म्हणाली. एकेक शब्द जपून, जमेल तिथे न चा ण करत.

त्यानंतर तिनं मला कधी 'तुले' म्हटलं नाही. मी विनवण्या केल्या, रागावलो. पण प्रयोगातली तिची वाक्यं काही काढली नाहीत. टाळ्या तिथेच पडायच्या ना! याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

ती शेवटची आजारी पडली तेव्हा दुपारचा घरी पोचलो. आत शेजारची गंगामावशी तिच्या उशाशी बसली होती. दाराबाहेर चपला काढताना मायचा आवाज ऐकू आला. "माहा पोरगा येऊन राह्यला आज. त्याले भाकर कोन करून देईन वं, गंगे?" किती वर्षांनी ऐकत होतो! तिथेच भिंतीला टेकून उभा राहिलो, रडलो.

मग राहवलं नाही म्हणून आत गेलो. मायनं पदर सारखा केला, क्षणभर शब्द शोधले आणि म्हणाली, "ये. उन्हातूण आलास?"

घर कुठे, असं आता कोणी विचारलं की मला चपला काढायची ती जागा आठवते. तिथवर ते माझं होतं.