पुढच्या चाकावरचा नंबर

जगातले सगळे अपघात, निम्मी भांडणं आणि बरीचशी लग्नं वस्तूंवर वेळीच खुणा न केल्यामुळे होतात, असं आमच्या साडूंचं ठाम मत आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे, यजमान. उभी हयात त्यांनी एका विमान कंपनीच्या हँगरमध्ये काढली. विमान उडवणं नाही, दुरुस्त करणंही नाही. विमानावर अक्षरं, पट्टे आणि स्टिकर लावणं हे त्यांचं काम. एकाच जातीची विमानं एका ओळीत उभी राहिली की खुद्द कारखानदारालाही ओळखू येत नाहीत, असं ते सांगतात. विमानाचं नाव लिहिलेलं असतं मागे आणि माणसं येतात पुढून. म्हणून त्यांची कंपनी नावातली शेवटची दोन अक्षरं पुढच्या चाकाच्या झाकणावर ठळक काढून घ्यायची. ती नसली तर मेकॅनिक बिघडलेलं विमान सोडून शेजारचं धडधाकट उघडून बसायचा. वैमानिकाचंही तेच. तो रोज वेगळ्या विमानात बसतो, म्हणून आज आपण कशात बसलो आहोत हे त्याच्या डोळ्यांसमोर पाटीवर लिहून ठेवावं लागतं. बाकी कॉकपिटची मांडणी ज्या त्या कंपनीच्या सोयीची. कुणी कामांची यादी हाताशी चिकटवतं, कुणी नाही. 'पाव्हणं, भांडी सगळ्यांची सारखीच,' ते मला म्हणतात, 'पण मिठाचा डबा कुठं ठेवायचा ते घरची बाई ठरवते.'

निवृत्तीनंतर हँगर सुटला, पण हात शांत बसेनात. कोपरखैरण्यात, बोनकोडे गावाच्या अलीकडे, एकसारख्या रो-हाउसच्या ओळीत त्यांचं सत्तावीस नंबरचं घर आहे. छत्र्या, चपला, कुकरचं झाकण, शेजारी उसना जाणारा डाव, सगळ्यांवर त्यांनी सत्तावीस घातला. टेबलफॅनच्या मधोमध पांढरा वळणदार फराटा आला. विमानाच्या इंजिनाच्या नाकावर तो असतो, इंजिन फिरतंय की थांबलंय हे जवळच्या माणसाला कळावं म्हणून. माळ्यावर चढायच्या स्टुलाच्या कोपऱ्यावर 'येथे पाय ठेवू नये' अशी ओळ आली. ती इतकी बारीक होती की वाचायला मी जवळ गेलो आणि नेमका तिथेच पाय दिला. स्कूटरच्या हँडलवर यादी आली: पेट्रोल, स्टँड, हेल्मेट, पिशवी. ते मोठ्यानं विचारणार आणि मागे बसलेल्या अक्कांनी 'हाय' म्हणायचं, असा रिवाज. एकदा वाशीच्या मार्केटबाहेर कांद्याच्या भावावरून अक्का रुसलेल्या होत्या. 'स्टँड?' साडूंनी विचारलं. उत्तर नाही. 'स्टँड?' तरी नाही. उत्तराशिवाय स्कूटर सुरू करणं नियमात बसत नव्हतं, त्यामुळे हमालांच्या हातगाड्या दोन्ही अंगांनी जात असताना नवराबायको तशीच बसून राहिली. शेवटी एका हमालानंच वाकून पाहिलं आणि सांगितलं, 'हाय वर. जावा आता.'

माझ्या गाडीलाही त्यांनी सोडलं नाही. कॉकपिटच्या समोरच्या दोन काचांच्या मधल्या पट्टीवर तीन बारीक गोळ्या असतात, म्हणे. वैमानिक आसन असं वरखाली करतो की त्याच्या डोळ्याला एक गोळी दुसरीच्या बरोबर आड जावी. तशी गेली की उंची बरोबर. ही सोय मला व्हावी म्हणून त्यांनी अक्कांच्या पाकिटातल्या टिकल्या माझ्या गाडीत लावल्या आणि सांगायला विसरले. गाडीत लाल टिकली सापडल्यावर माझ्या बायकोनं घरात जे मौन धरलं ते अक्कांचा फोन येईपर्यंत सुटलं नाही. साडू मात्र निर्विकार. 'उंची जमली का?' एवढंच त्यांनी विचारलं.

त्यांच्या खुणांपैकी मला आवडली ती एकच, आणि ती त्यांनी घरात कुठे काढली नव्हती. प्रवासी बसतात तिथे खिडकीच्या वर भिंतीवर एक छोटा काळा त्रिकोण असतो. लोकांना वाटतं, डाग आहे. पण उडत्या विमानाचा पंख तपासायची वेळ आली तर वैमानिक खिडक्या शोधत फिरत नाही. त्रिकोणाखाली जाऊन बाहेर बघतो, कारण पंख तिथून नीट दिसतो. 'आपल्या घराला पंख कुठं हाय,' असं म्हणून त्यांनी तो त्रिकोण वगळला होता.

हे सगळं गमतीत चाललं होतं, तोवर त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, स्वातीचं, ठरायची वेळ आली. मुलगा तिनंच पसंत केलेला, ऐरोलीच्या ऑफिसातला. फक्त त्याच्या आईवडिलांनी कऱ्हाडहून येऊन हो म्हणायचं राहिलं होतं, आणि आई फार टापटिपीची असं कानावर आलं होतं. 'ते नाही म्हणाले तर तो त्यांच्याविरुद्ध जाणारा नाही, मावशी,' असं स्वाती माझ्या बायकोला म्हणाली, आणि म्हणताना तिनं मान वर केली नाही.

आदल्या दिवशी अक्कांनी फर्मान काढलं. 'उद्या पाव्हणं येत्यात. घर हाय का हँगर? सगळं पुसा.' साडू रॉकेल आणि जुनं बनियन घेऊन मुकाट्यानं कामाला लागले. फाटकाशी मात्र अडले. सोसायटीचं रंगकाम चालू असल्यामुळे सगळ्या ओळीच्या नंबरपाट्या उतरवलेल्या होत्या. साडूंनी फाटकाजवळच्या भिंतीवर ढोबळ काळा सत्तावीस काढून ठेवला होता, तेवढाच काय तो नंबर. 'बाकी काढतो,' ते म्हणाले, 'पुढच्या चाकाचा राहू दे.' अक्का म्हणाल्या, 'तोच सगळ्यात वंगाळ दिसतोय.' तोही गेला.

दुसऱ्या दिवशी मुलगा ऑफिसातून परस्पर येणार होता. आईवडील रिक्षातून गल्लीत उतरले आणि दोन घरं अलीकडच्या दारात शिरले. तिथल्या मावशी घर बघायला येणाऱ्या भाडेकरूंची वाट पाहत होत्या. त्यांनी पाहुण्यांना हौसेनं आधी मोरी दाखवली. 'पानी सकाली न् संध्याकाली येतं, टेन्शन नाय.' मुंबईकडची रीत असेल म्हणून पाहुणे मागोमाग फिरले. स्वयंपाकघर झालं, गच्ची झाली. अखेर मुलाच्या आईनं विचारलं, 'आणि मुलगी?'

'पोरगी? तिचा लगीन झाला ना गेल्या वर्सी. पनवेलला दिली.'

मी आणि साडू पाहुणे आले का ते बघायला गल्लीत आलो, तेव्हा मुलाचे वडील रस्त्यावर उभे राहून फोनवर मुलाला झाडत होते. 'लग्न झालेल्या पोरीच्या घरी पाठवलंस व्हय रे?' खिडकीतून स्वातीनं ते ऐकलं. तिचा चेहरा असा उतरला की मला तिच्याकडे बघवेना. साडू मात्र सरळ पुढे गेले आणि हात जोडून म्हणाले, 'दोन घरं चुकलात. आमचं ते पुढं.'

'मग दारावर नंबर नको का?' मुलाचे वडील कडाडले.

अक्का दारात उभ्या होत्या. साडूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. 'रंगकाम चालू हाय,' ते म्हणाले. 'नंबर घालायचा माझ्याकडूनच राहिला.'

चहा झाला तरी मुलाचे वडील घुश्शातच होते. मग त्यांच्या बायकोनं टेबलफॅनवरचा अर्धवट पुसलेला फराटा पाहिला आणि हे काय म्हणून विचारलं. साडूंनी मान खाली घातली. सांगितलं ते अक्कांनी. इंजिन, फराटा, पुढचं चाक, रॉकेल, पुसायला कुणी लावलं, सगळं. मुलाचे वडील एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले. ऐकता ऐकता ते खुर्चीत पुढे सरकले. 'पाटी नसली की आमच्यातबी हेच,' ते म्हणाले. 'साताऱ्याची म्हणून चिपळूणची गाडी बाहेर काढलेली बघितलीय मी.' मुलगा घामाघूम होऊन पोचला तेव्हा दोन्ही बाप फाटकाशी उकिडवे बसून सत्तावीस केवढा असावा यावर वाद घालत होते. त्यांना लग्नाला होकार दिल्याचंही सांगायचं भान नव्हतं. ते मुलाच्या आईनं सांगितलं.

लग्न होऊन स्वाती आता नवऱ्याच्या बदलीमुळे बंगळूरला असते. परवा मी साडूंकडे गेलो. खुणा सगळ्या परत आल्या आहेत. स्वयंपाकघराच्या खिडकीवर मात्र एक नवा काळा त्रिकोण दिसला. खाली स्टूल होतं. मी बसून बाहेर पाहिलं. तिथून घराचं फाटक दिसत नाही, शेजारची दारंही दिसत नाहीत. गल्लीचं फक्त ते वळण दिसतं, जिथे रिक्षा आत शिरते.

'हे केव्हा केलंत?' मी विचारलं.

'मी नाही,' साडू हळू आवाजात म्हणाले. 'तुमच्या अक्कानं सांगितलं, इथं काढा.'

तेवढ्यात अक्का लसणाचं ताट घेऊन आल्या. मी उठलो आणि त्यांना जागा दिली.