अप्पांचा हात आणि मी बदललेली सेटिंग

श्रावणातल्या एका रविवारी मी चौसाळ्यात, आमच्या घरी, लढाऊ विमान उडवायला बसले... आणि जेवणाच्या वेळेपर्यंत अकरा वेळा जमिनीवर आपटले. हसा खुशाल. मीही तेव्हा हसलेच होते.

माझा टायपिंगचा क्लास आहे, त्यामुळे कॉम्प्युटर घरातच. बीडहून जुनी जॉयस्टिक आणली ती गेमच्या हौसेने नाही, अप्पांसाठी. अप्पा म्हणजे माझे वडील. आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्यात सव्वीस वर्षं क्रेन ऑपरेटर... ट्रॉलीतली उसाची मोळी उचलायची आणि गव्हाणीत, म्हणजे ऊस गाळपाला आत नेणाऱ्या पट्ट्यावर, सोडायची.

मध्ये दोन वर्षं पाऊस नव्हता. ऊस नाही म्हणून कारखाना बंद, आणि त्यातच अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण उजव्या हाताची थरथर काही गेली नाही. हाताला काम देत राहा, म्हणाले. मी रबरी चेंडू आणला, तर अप्पा म्हणतात, "मी काय लहान लेकरू हाय का?" झालं, चेंडू गेला माळ्यावर.

मग डोक्यात आलं, चेंडू नको तर क्रेनसारखी लिव्हर देऊ... जन्मभर तीच तर धरली. फुकटात मिळालेला सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा गेम, नेमका लढाऊ विमानांचा निघाला. त्यांना शिकवायचं तर आधी मला यायला हवं, आणि माझं तर सगळंच उलटं. जॉयस्टिकचा दांडा पुढे ढकलला की विमान वर जाईल असं वाटायचं, ते नाकावर पडायचं. वेग घेतला की डावीकडे ओढायचं, मी घाबरून दांडा पिळायचे, की उजवीकडे कोलांटी. एकदा तर उतरताना चाकं बाहेर काढायलाच विसरले.

अप्पा मागे बाजेवर बसून बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. "लिव्हरला हाणू नको गं. इचारत इचारत ओढ." म्हणजे थोडं ओढायचं, मशीन काय म्हणतं ते बघायचं, मग पुढचं. तसं केलं आणि बाराव्या खेपेला विमान उचललं.

मग अप्पा बसले. हात थरथरला की पंख थरथरायचे, आणि मिनिटभरात विमान खाली. तीनदा पडल्यावर ते उठले. दुसऱ्या दिवशी खुर्चीकडे फिरकलेसुद्धा नाहीत.

मला ते बघवेना. सेटिंगमध्ये शोधता शोधता डेड झोन नावाची एक पट्टी सापडली. ती वाढवली की दांडा थोडाफार हलला तरी विमानाला पत्ता लागत नाही, मुद्दाम जोर लावला तरच ते वळतं. मी ती वाढवली... आणि अप्पांना काही बोलले नाही.

त्या संध्याकाळी आग्रह करून त्यांना पुन्हा बसवलं आणि विमान सुतासारखं सरळ गेलं. अप्पांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि हसले... झटक्यानंतर पहिल्यांदा. मग रोजचंच झालं. शत्रूचं विमान मागे लागलं तरी गोळी म्हणून झाडायचे नाहीत. "त्याचं त्याला जाऊ दे, आपन आपली ट्रिप मारू." मी पोट धरून हसायचे. आणि त्या हसण्यात सांगायचं राहून गेलं... नाही, खोटं कशाला बोलू, मी टाळत गेले.

मागच्या वर्षी पाऊस बरा झाला, यंदा रानात ऊस उभा राहिला. दसऱ्याच्या आधी कारखान्याचा निरोप आला, जुन्या ऑपरेटरांनी ट्रायलला यावं. अप्पा मला न विचारताच हो म्हणून आले. "हात आला माझा. मशीनच सांगतंय की."

तेव्हा बोलायला हवं होतं. अगदी ओठावर आलं होतं. पण इतक्या दिवसांत थोडा फरक पडलाही असेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि त्यांच्या शर्टाला इस्त्री करून दिली.

मंगळवारी ट्रायल झाली. ऊस नव्हता, क्रेनचा नुसता रिकामा आकडा. अप्पांनी लिव्हर धरली, हात थरथरला आणि आकडा हेलकावा खाऊन ट्रॉलीच्या फळीवर आदळला. खाली खुणा करायला उभे असलेले एक कामगार काका वेळेवर उडी मारून बाजूला झाले. कुणाला खरचटलं नाही. अप्पा आपणहून शिडी उतरून खाली आले आणि मिळेल त्या गाडीने घरी.

डबा तसाच परत. संध्याकाळी बाजेवर येऊन बसले. मग म्हणाले, "लोक म्हनत असतील, पगारासाठी हात लपवला. खाली माणूस असताना सव्वीस वर्षांत मी कधी..."

तेव्हा मी सगळं सांगितलं. पट्टी शून्यावर आणून दाखवली. अप्पांनी दांडा धरला, पंख थरथरले, विमान पडलं. "कावून केलंस गं?" एवढंच विचारलं. तुम्ही हसत होता म्हणून, म्हणाले मी. ते चिडले असते तर बरं झालं असतं... नुसती मान हलवली आणि आत जाऊन पडले.

तेव्हापासून अप्पा बसस्टँडवर चहाला जात नाहीत. कारखान्यातलं कुणी दिसलं की दुसऱ्या गल्लीने वळतात. जन्मभर ताठ मानेने चाललेला माणूस आहे हो. मला ते सहन होत नाही.

म्हणून हे इथे, सगळ्यांसमोर लिहितेय. कामगारांच्या ग्रुपवर पण टाका. अप्पांनी हात लपवला नव्हता. तो बरा झालाय असं त्यांना खरंच वाटत होतं, आणि तसं वाटायला लावणारी मी आहे. खाली उभे होते त्या काकांची माफी मागायला मी स्वतः घरी येणार आहे. काका, तुम्ही वेळेवर सरकलात, तुमचे उपकार आमच्याच्यानं फिटणार नाहीत.

बाकीच्यांना एकच विनंती. अप्पा रस्त्यात दिसले तर आधी तुम्ही हाक मारा... ते स्वतःहून मारणार नाहीत.