पाचोळाबाईंची काडेपेटी

जंगलात शिरण्याआधी पाचोळाबाई हात पुढे करायच्या आणि आम्ही विद्यार्थी गुपचूप आपापल्या काडेपेट्या त्या हातावर ठेवायचो. बाई वनशास्त्राच्या प्राध्यापक. परिषदेत त्या आल्या की मोठमोठे लोक खुर्ची सोडून उठत. पण सावली गावापलीकडच्या गोंड वस्तीने ठेवलेलं हे नाव आम्हीही उचललं होतं, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

बाई वर झाडांकडे क्वचितच बघायच्या. एकदा वाघ दिसला म्हणून आम्ही टाचा उंचावल्या, तेव्हाही त्या खाली बसून पाचोळ्याचे थर हलक्या हाताने उलगडत होत्या. म्हणाल्या, "वाघ जाईन न् येईन बे. हा थर एकदा जळला, का गेला."

त्यांचा जीव जंगलाच्या एका तुकड्यात होता. तरुणपणी अभ्यासासाठी आखून घेतलेला, तेव्हापासून एकदाही न जळलेला. भोवती मोहाची झाडं. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळायची तिकडे रीत, आणि तीच आग पसरते. बाईंनी कुणाला उपदेश केला नाही. मोह गळू लागला की पहाटे झाडू घेऊन त्या वस्तीतल्या बायकांबरोबर झाडायला हजर.

"बाई, घरी तरी झाडता का वो?" एका म्हातारीने टोमणा मारला.

"घरी मोह नाई ना पडत, आजी!"

एका वर्षी बाई परिषदेला गेल्या आणि तुकड्याची राखण माझ्याकडे आली. आग अडवायला भोवतीचा पट्टा आधीच जाळून ठेवतात, हे मला तोंडपाठ होतं. तो दव असताना, वारा पडलेला असताना जाळायचा, हे पान मी बहुधा चहा पिताना उलटलं असावं. काडेपेटी मागणारा हात नव्हता. मी भर दुपारी काडी ओढली.

वारा उठला, आग पट्टा सोडून थेट तुकड्यात शिरली. वस्तीतली माणसं हिरव्या फांद्या घेऊन धावली म्हणून अर्धा वाचला. मीही धावलो; उलट्या दिशेने.

बाई परतल्या. जळलेल्या भागात बराच वेळ उकिडव्या बसल्या, राख चिमटीत घेऊन बघत राहिल्या. तोवर मी मनातल्या मनात शिक्षण सोडून पानटपरीसुद्धा टाकली होती. मग त्यांनी हात पुढे केला. मी काडेपेटी ठेवली.

"काऊन रे बाबू, रडून राह्यला? आजवर माह्यापाशी फक्त न जळलेलं जंगल होतं. आता शेजारीच जळलेलं बी आहे. थे परत कसं उभं राह्यते, पाह्य. हाच तुहा विषय."

स्वतःच्या उमेदीची राख झालेली, आणि त्याच राखेतून ही बाई मला पीएचडी काढून देत होती!

निवृत्तीनंतर चंद्रपूर सोडून लेकीकडे जाण्याआधी त्यांना एकदा तिथे जायचं होतं. गुडघे साथ देत नव्हते. माझ्या खांद्याला धरून त्या जळलेल्या भागात टेकल्या आणि पाचोळ्यात हात घातला. बोटं आत बुडाली.

"गादी होऊन राह्यली रे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग पिशवीतून माझीच ती काडेपेटी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "धर. आता तुह्या हातात भेव नाई."

त्यातली एकही काडी मी अजून ओढलेली नाही. आमच्याकडे देवापुढचा दिवासुद्धा बायकोच लावते.