मोरचुदाचं रान

वरकुट्याच्या ठमाबाईला कुणी एकटी म्हटलं की ती भांडायला उठायची. "एकटी कशानं? माझी बाग हाय की!" पण द्राक्षाच्या वेली काही 'जेवलीस का' म्हणून विचारत नाहीत. नवरा अप्पा जाऊन तीन वर्षं झाली होती, पोटी लेकरू नव्हतं. वर्षभर ती वाट बघायची ती दिवाळीतल्या आठ दिवसांची.

तेव्हा तिचा धाकटा भाऊ जयवंता मेंढरं घेऊन कोकणाकडं निघे आणि आठ दिवस तिच्या बागेत मुक्काम ठोके. ऑक्टोबरची छाटणी उरकून सऱ्यांत पाला पडलेला असे. कुत्री, कोंबड्या, घोडं, भावजयीची अखंड बडबड! सगळं माहेरच दारी यायचं. ठमाबाई निवडक पाला राखून ठेवी आणि नकोशीला हातानं चारी. नकोशी म्हणजे आईनं टाकलेलं कोकरू. एका दिवाळीत ठमाबाईनंच बोळ्यानं दूध पाजून तिला जगवलं होतं.

पाल्यावर मोरचुदाचे निळे डाग असत. अप्पांनी वर्षानुवर्षं चुना-मोरचूद फवारून बाग रोगापासून राखली, त्यांच्यामागं तिनंही तेच चालवलं. डागांना कोण भिणार? धनगराघरी मोरचूद म्हणजे औषध. खुरं सडली की मेंढरं त्याच्याच पाण्यात उभी करतात.

शहाण्णव साली मुक्कामाच्या सहाव्या दिवशी पाच मेंढरं मेली. डोळे पिवळे, मूत काळपट. "नजर लागली," भावजय म्हणाली. कुणाची ते बोलली नाही, पण बघितलं ठमाबाईकडं. ते तिला फार लागलं. ती तडक बारामतीला जाऊन जनावरांचा डॉक्टर घेऊन आली. त्यानं मेलेलं मेंढरू फाडून पाहिलं, बागेतली मातीही तपासायला नेली. कळप पुढं गेल्यावर पंधरा दिवसांनी तो तपासणीची चिठ्ठी घेऊन आला.

"मोरचुदात तांबं असतं, मावशी. तुमच्या मातीत दहा वर्षांचं साठलंय. मेंढरू गवत मुळाशी खातं, मातीसकट. वर हा पाला. दुसऱ्या जनावरांना एवढं बाधत नाही, मेंढराला सोसत नाही."

"मग पावसानं धुवून जाईल की."

"तांबं आहे ते, मावशी. कुठं जाणार?"

खोटं कशाला सांगा, चिठ्ठी चुलीत घालावी असं तिच्या मनात आलं. कुणाला कळलं नसतं, आणि पुढच्या दिवाळीला सगळी पुन्हा आली असती. पण तिनं ती देव्हाऱ्याखाली ठेवली.

पुढच्या भाऊबीजेला ती ओवाळणीचं ताट घेऊन रस्त्यावरच उभी राहिली.

"जयवंता, मेंढरं आत घालू नगंस. मोरचूद मुरलाय मातीत. मागल्या साली ती पाच मेली ती त्यानंच."

जयवंतानं बागेकडं बघितलं. "मग तू कशी ऱ्हातीस हितं, आक्का?"

"मी काय मेंढरू हाय व्हय?"

दोघंही हसली नाहीत. चहूकडं ऊस आणि बागा, कळपाला मोकळं रान कुठंच नव्हतं. "मोरगावच्या माळाला गेल्याबिगर बसायला जागा न्हाय," तो म्हणाला. तिनं उभ्याउभ्याच त्याला ओवाळलं. भावजय मान खाली घालून पाया पडली.

कळप निघाला. नकोशी तेवढी सवयीनं तारेखालून आत शिरली आणि ठमाबाईच्या लुगड्याला तोंड घासू लागली. ठमाबाईनं ढकललं, तर तिला तो खेळ वाटला. शेवटी ठमाबाईनं बांधावरचं ढेकूळ उचललं आणि जन्मात पहिल्यांदा तिला मारलं.

"जा की गं भवाने!"

नकोशी दचकून थांबली, तिच्याकडं बघितलं आणि पळाली.

ठमाबाई घरात आली. परातीत दहा भाकरींचं पीठ काढलेलं होतं. सगळं माहीत असूनही सकाळी तिनंच ते काढलं होतं.